सावित्रीबाईंची शाळा आणि आमच्या मुलींचा संगणक

आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत मीही काही लिहावे, असा अध्यक्षबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हातात लेखणीपेक्षा लाटणेच अधिक. तरीपण नाही म्हणवेना. कारण गेल्या काही बैठकांत आपल्याकडे एक विषय वारंवार निघतो आहे. आपल्या मुली दहावीला चांगले गुण मिळवतात, पण अकरावीला विषय निवडण्याची वेळ आली की घराघरांतून एकच सूर निघतो. संगणक हा मुलांचा विषय, मुलीला तो झेपेल का, आणि झेपला तरी लग्न झाल्यावर त्याचे काय करायचे? हे बोलणे कानी पडले की मला सावित्रीबाई फुले यांची आठवण होते. त्यांच्या काळी हेच सारे अक्षरओळखीविषयी बोलले जात होते.

दरवर्षी ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो, मुलींची भाषणे होतात, पेढे वाटले जातात. पण त्यांनी ती शाळा भरवली कशी, मुली आणल्या कोठून आणि आलेल्या मुली टिकवल्या कशा, हे मात्र आपण फारसे बोलत नाही. आज त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावयाचे योजले आहे, ते याच दृष्टीने.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. हे गाव आज खंडाळा तालुक्यात मोडते. वडील खंडोजी नेवसे पाटील आणि आई लक्ष्मीबाई. घर पाटलाचे, खाऊनपिऊन सुखी. पण मुलीने अक्षर गिरवावे ही कल्पना त्या काळी पाटलाच्या घरातही नव्हती आणि भटजींच्या घरातही नव्हती. बाईच्या हाती पुस्तक आले तर नवऱ्याचे आयुष्य सरते, अशी समजूत होती. लहानपणी शिरवळच्या बाजारात एका पाद्र्याने सावित्रीला एक पुस्तक दिले, ते तिला वाचता येईना, तरी ते तिने जिवापाड जपले आणि सासरी जाताना बरोबर नेले, अशी आठवण सांगतात. न वाचता येणारे पुस्तक जपून ठेवणारी मुलगी! भूक होती, ताट वाढणारे कोणी नव्हते.

१८४० साली त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी झाले. नवरी ९ वर्षांची, नवरदेव १३ वर्षांचा. जोतीरावांची आई ते तान्हे असतानाच वारली होती. त्यांना नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी वाढवले. सगुणाबाई मिशनऱ्यांच्या घरी कामाला होत्या. त्यामुळे चार इंग्रजी शब्द त्यांच्या कानांवरून गेले होते आणि शिक्षणाचे मोल त्यांना उमगले होते. पुढे जोतीरावांनी आपल्या पत्नीला व सगुणाबाईंना घरीच शिकवावयास आरंभ केला. दिवसा शेतात काम, आणि दुपारच्या विसाव्याला झाडाखाली मातीत काडीने अक्षरे, असे ते शिक्षण झाल्याचे सांगतात. त्यानंतर जोतीरावांचे स्नेही सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी सावित्रीबाईंचा अभ्यास पुढे नेला. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्या शाळेत त्यांनी शिकवण्याचे रीतसर शिक्षणही घेतले.

येथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मुलींची शाळा काढायची तर आधी बाई शिक्षिका हवी, हे या मंडळींनी ओळखले होते. पुरुष मास्तरापुढे मुलगी बसवायला त्या काळी कोण बाप तयार झाला असता? म्हणून फळा आणि खडू आणण्याच्या आधी त्यांनी शिक्षिका तयार केली, आणि ती आपल्याच घरातली सून तयार केली.

आता मी थोडा वेळ दूरदेशी जाते, पण विषय सोडून नव्हे. सावित्रीबाईंच्या लग्नाला तीनच वर्षे झाली होती त्या सुमारास, १८४३ साली, इंग्लंडात एडा लव्हलेस नावाच्या एका बाईंनी काही टिपणे छापून प्रसिद्ध केली. चार्ल्स बॅबेज नावाच्या गणितज्ञाने एक मोठे गणनयंत्र योजले होते. त्या यंत्राने एक अवघड गणित पायरीपायरीने कसे सोडवावे, आधी कोणता आकडा घ्यावा, मग कशाने गुणावे, कशाने भागावे, याचा पुरता आराखडा एडाबाईंनी त्या टिपणांत मांडला. ते यंत्र बॅबेज यांच्या हातून पुरे झाले नाही. परंतु यंत्रासाठी लिहिलेल्या अशा आज्ञा छापून आल्या त्या बहुधा पहिल्याच, म्हणून संगणकाच्या इतिहासात एडाबाईंचे नाव अग्रपूजेला घेतले जाते. म्हणजे जो विषय मुलांचा म्हणून आपण मुलींना बाजूला सारतो, त्याच्या उंबरठ्यावरच एक बाई उभी आहे. पुढे अमेरिकेत १९४६ साली एनिॲक हा खोलीभर पसरलेला संगणक लोकांना दाखवण्यात आला, तेव्हाही त्याला गणिते शिकवण्याचे काम सहा तरुणींनी केले होते. समारंभात मात्र त्यांची नावे कोणी घेतली नाहीत.

एडाबाई उमरावाच्या घरच्या. त्यांच्या आईने त्यांच्यासाठी गणिताचे शिक्षक घरी आणले होते. आमच्या नायगावच्या पाटलाच्या मुलीला शिक्षक कोठला? मला वाटते, बुद्धी दोन्हीकडे होती. फरक आहे तो दार उघडून देणाऱ्या माणसाचा.

तर १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्या वेळी सावित्रीबाई १७ वर्षांच्या आणि जोतीराव २१ वर्षांचे होते. मिशनऱ्यांनी मुलींच्या शाळा त्यापूर्वी काढल्या होत्या, परंतु आपल्याच माणसांनी आपल्या मुलींसाठी पुण्यात काढलेली ही पहिली शाळा. आरंभी मुली किती? अवघ्या सहा. तीन-चार वेगवेगळ्या जातींच्या. भिडेवाड्याची ती जुनी वास्तू २०२३ साली पाडण्यात आली आणि त्या जागी राष्ट्रीय स्मारक करण्याचे ठरले.

सहा मुलींसाठी शाळा भरवायची म्हणजे आज कोणी हसेल. पटसंख्या पुरेशी नाही म्हणून वर्ग बंद करा म्हणेल. सावित्रीबाईंनी मात्र सहा मुलींना शिकवले आणि सातवीसाठी त्या दारोदार फिरल्या. आईबापांना भेटावे, त्यांची समजूत घालावी, पोर आजारी असेल तर विचारपूस करावी, असा त्यांचा क्रम असे. गरिबाघरची मुलगी शाळेत आली की घरचे एक काम अडते, हे त्यांना कळत होते. म्हणून मुलांनी शाळा मध्येच सोडू नये यासाठी त्यांना काही विद्यावेतन देण्याची पद्धतही त्यांनी घातली. शाळा काढली, आता ज्याला यायचे तो येईल, असे म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत.

त्या शाळेला जाण्याचा रस्ता कसा होता, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. बाई शिकवायला निघाली म्हणून लोक शिव्या देत, चिखल आणि शेण फेकत, दगड मारीत. सावित्रीबाई एक लुगडे नेसून निघत आणि दुसरे पिशवीत घेत. शाळेत पोचल्यावर घाण झालेले लुगडे बदलून त्या मुलींपुढे उभ्या राहत, आणि परत येताना पुन्हा तेच नेसत. भगिनींनो, ही गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकली आहे की तिचे काही वाटेनासे झाले आहे. पण कपडे धुणाऱ्या बाईने जरा विचार करावा. रोज शेणाने भरलेले लुगडे घरी आणायचे, आपल्याच हाताने धुवायचे, वाळत घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाण होण्यासाठीच ते पुन्हा नेसायचे. एक दिवस हे कोणीही करील. वर्षानुवर्षे करण्याला काय बळ लागत असेल!

रस्त्याचे दुःख मला थोडे कळते. मी सातवी पास झाले तेव्हा पुढची शाळा दुसऱ्या गावी होती. चालत जायचे तर मध्ये ओढा आणि उसाचे फड. बरोबर जायला दुसरी मुलगी नव्हती. घरचे वाईट नव्हते, पैशाचाही प्रश्न नव्हता. रस्त्यापायी माझी शाळा थांबली. म्हणून कोणी म्हणाले की मुलींना शिकण्याची आवडच नाही, तर मी आधी विचारते की तिच्या वाटेत काय आहे ते पाहिले का?

बाहेरच्यांचा विरोध एकवेळ सोसवतो, घरचा सोसवत नाही. लोकांनी जोतीरावांचे वडील गोविंदराव यांच्यावर दडपण आणले. शाळा सोडा नाहीतर घर सोडा, असा प्रसंग आला. १८४९ साली नवराबायको अंगावरच्या वस्त्रांनिशी घराबाहेर पडली. त्या वेळी त्यांना उस्मान शेख यांनी आसरा दिला. त्यांच्याच घरच्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या बरोबर शिकू लागल्या आणि शिकवूही लागल्या. एकटीला जो रस्ता खायला उठतो, तो दोघींना थोडा सोपा होतो. सगुणाबाई, सावित्रीबाई आणि फातिमाबी या तिघी त्या शाळांच्या आधारस्तंभ होत्या.

काम वाढत गेले. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. त्याच वर्षी रास्ता पेठेत आणि पुढच्या वर्षी वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. १८५१ अखेर तीन शाळांत मिळून सुमारे दीडशे मुली शिकत होत्या. तीन वर्षांत सहाच्या दीडशे झाल्या! आणि या शाळांत शिकवत काय? बायकांना पुरेल एवढे शिवणटिपण आणि स्तोत्रे नव्हेत, तर व्याकरण, अंकगणित आणि भूगोल. मुलीला हलका विषय आणि मुलाला भारी विषय, असा भेद त्यांनी केला नाही. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा या कार्याबद्दल जाहीर सत्कार केला. १८५३ साली मुलींची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा मुली काय उत्तरे देतात ते ऐकायला पुण्यात मोठी गर्दी लोटली होती.

परंतु जातीचा प्रश्न उरलाच होता. ज्यांची सावलीही लोक टाळत, त्या महार-मांगांच्या मुलांना कोण शिकवणार? सावित्रीबाई व जोतीराव यांनी १८५२ साली त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढल्या. त्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातील एक मुलगी शिकत होती. अवघी तीन वर्षे शिकलेल्या, चौदा वर्षांच्या या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ साली ज्ञानोदय पत्रात छापून आला. आपल्या लोकांना देवळात जागा नाही, वेदांना हात लावण्याची बंदी, मग आमचा धर्म तरी कोणता, असा रोकडा सवाल त्या लेकराने केला आहे. आपल्या माणसांनी आधी शिकावे, असेही तिने बजावले आहे. मला विचाराल तर सावित्रीबाईंच्या साऱ्या आयुष्याची कमाई या एका निबंधात दिसते. तीन वर्षांपूर्वी जिला अक्षर ठाऊक नव्हते, ती मोठमोठ्या पंडितांना प्रश्न विचारू लागली. संधी देण्याआधी हिला झेपेल का, असे विचारले असते, तर हा निबंध कोठून आला असता?

१८५६ साली सावित्रीबाई आजारी पडल्या आणि हवापालटासाठी माहेरी नायगावला राहिल्या. तेथून ऑक्टोबरमध्ये त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी खपता हे कुळाला शोभत नाही, असे त्यांच्या भावाने ऐकवले. तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला शांतपणे विचारले की गाय-शेळीला तू कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग आपल्यासारखीच माणसे असलेल्या महार-मांगांना दूर का लोटतोस? भाऊ निरुत्तर झाला. सख्ख्या भावाशी, माहेरच्या ओसरीवर, आजारी असताना असे बोलणे सोपे नाही. सभेत भाषण करण्याहून ते अवघड आहे, हे आपण बायका जाणतो.

त्यांच्या पुढच्या कामांची नुसती यादी केली तरी पाने भरतील. १८५४ साली त्यांचा काव्यफुले हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. १८५५ साली शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा निघाली. विधवांवर अत्याचार होत आणि बदनामीच्या भीतीने त्या जीव देत किंवा मूल टाकून देत. अशांसाठी १८६३ साली आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढून सावित्रीबाईंनी त्यांची बाळंतपणे स्वतः केली. त्यांना स्वतःला मूल नव्हते. १८७४ साली अशाच एका ब्राह्मण विधवेचा, काशीबाईंचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत, पुढे तो डॉक्टर झाला. १८६८ साली फुल्यांच्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्या पद्धतीचा पहिला विवाह लागला.

१८७६-७७ चा मोठा दुष्काळ आमच्या सोलापूर जिल्ह्यालाही भोवला होता. त्या वेळी फुले पतिपत्नींनी व सत्यशोधकांनी अन्नछत्रे घातली. सावित्रीबाई जुन्नर भागात गावोगाव फिरल्या आणि तेथील हाल त्यांनी १८७७ च्या एप्रिलमध्ये जोतीरावांना पत्राने कळवले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि त्या पुढे चालू लागल्या. आजही बाईने हे केले तर गाव पाहत राहील. १८९३ साली सासवडला सत्यशोधक परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी सावित्रीबाई होत्या. पुढे पुण्यात प्लेगने थैमान घातले. डॉक्टर यशवंतांनी हडपसरजवळ सासणे यांच्या माळावर दवाखाना काढला. सावित्रीबाई रोग्यांना तेथे आणीत आणि त्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले. त्यात त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. पुणे विद्यापीठाला २०१४ साली त्यांचे नाव देण्यात आले.

असे हे चरित्र. आता आपल्या मोडनिंबकडे वळू. आपले गाव पुणे-सोलापूर महामार्गावर. रेल्वे आहे, एसटी आहे, आणि बारावीपर्यंत मुलींना शासकीय व अनुदानित शाळांत फी नाही. सावित्रीबाई फुले यांच्या नावाची शिष्यवृत्ती पाचवीपासून दहावीपर्यंत मागास व भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलींना मिळते. २०२४-२५ सालापासून ज्या घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासनाने पूर्ण माफ केले आहे. त्यात अभियांत्रिकीही आली. आता शेण कोणी फेकत नाही.

मग अडते कोठे? मी डोळ्यांनी पाहिलेले सांगते. एका शाळेत पालक म्हणून मी संगणकाची खोली पाहायला गेले होते. एका यंत्रापुढे चार-पाच मुले. कळफलक मुलाच्या हातात, दुसरा मुलगा त्याच्या खांद्यावरून वाकलेला, आणि मुली मागे वही छातीशी धरून उभ्या. कोणी त्यांना मज्जाव केला नव्हता. पण तास संपला तरी एकीचेही बोट कळीला लागले नाही. परीक्षेत त्या संगणकाच्या भागांची नावे मुलांपेक्षा चांगली लिहितील, हे मी पैजेवर सांगते. पण लुगडे भिजल्यावाचून पोहणे येत नाही. घरीही तेच. मोबाइल भावाच्या हातात, संध्याकाळी संगणकाच्या वर्गाला जायचे तर अंधाराची भीती, आणि परत आल्यावर भाकरी कोणी थापायच्या हा प्रश्न. वाडीवस्तीवरच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलींना तर ती खोली दिसतही नाही. कारण ऐन शाळेच्या दिवसांत त्या कोयता घेतलेल्या आईबापांबरोबर फडात असतात.

आणखी एक गैरसमज आहे. २००१ सालापासून गावोगाव एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले आणि कित्येक मुलींनी तो अभ्यासक्रम पुरा केला. तो चांगलाच आहे. पण संगणक वापरता येणे वेगळे आणि संगणकशास्त्र शिकणे वेगळे. शिवणयंत्र चालवता येणारी बाई सरळ शिलाई मारते. पण कापड बेतता येणारी बाई कोणाच्याही अंगाचे झंपर शिवते. संगणकशास्त्र म्हणजे हे बेतणे आहे. काम कोणते, त्याचे तुकडे कसे करायचे, आधी काय, नंतर काय, चुकले तर काय, हे ठरवून यंत्राला तशा आज्ञा लिहून द्यायच्या. लग्नाच्या घरी दोनशे पानांचा स्वयंपाक ज्या बायका कागदही हाती न घेता पार पाडतात, त्यांच्या लेकींना हा विचार झेपणार नाही, असे कसे म्हणावे? पुष्कळ कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेला संगणकशास्त्र हा स्वतंत्र विषय घेता येतो. निवडीच्या वेळी घरात त्याचे नाव तरी निघाले पाहिजे.

सावित्रीबाईंच्या शाळेपासून मी एवढे शिकले की दार उघडे ठेवणे हे निम्मे काम आहे. उरलेले निम्मे म्हणजे घरी जाऊन मुलीला घेऊन येणे, तिच्या शेजारी दुसरी मुलगी बसवणे, पुढे बाई शिक्षिका उभी करणे आणि परतीच्या वाटेची सोय लावणे. हे काम सरकारी आदेशाने होत नाही. ते आपल्यासारख्यांनी उठून करायचे असते.

म्हणून मंडळापुढे मी काही सूचना नम्रपणे ठेवते. आठवड्यातून एक तास संगणकाची खोली फक्त मुलींसाठी ठेवावी, अशी विनंती आपण शाळांच्या मुख्याध्यापकांना करावी, म्हणजे प्रत्येकीचे बोट कळीला लागेल. अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्र शिकलेल्या आपल्या गावच्या लेकी-सुना सणावाराला माहेरी-सासरी येतात. त्यांना एका दुपारी मंडळात बोलवावे आणि त्यांनी आठवी-नववीच्या मुलींना आपल्या हाताने दाखवावे. संध्याकाळच्या वर्गाला जाणाऱ्या मुलींचा गट करावा आणि पाळीपाळीने आपल्यातल्या एकीने त्यांना घरी पोचते करावे. दहावीचा निकाल लागला की दोघी-दोघींनी मिळून घरोघर जावे, वस्त्यांवरही जावे, आणि शिष्यवृत्तीचे व फीमाफीचे अर्ज भरून घ्यावेत. वस्तीवर आधी जावे, कारण तेथे दुसरे कोणी जात नाही. आषाढीला आपण वारकऱ्यांना पाणी आणि जेवण देतो. ते पुण्य मोठे आहे. त्याच हातांनी हेही करता येईल.

आरंभी सहाच मुली मिळाल्या तरी निराश होऊ नये. भिडेवाड्यातही सहाच होत्या.

सावित्रीबाईंनी रस्त्यावरचे शेण सोसले म्हणून माझ्यासारखी सातवी शिकलेली बाई आज चार ओळी लिहू शकते. मी जिथे थांबले त्याच्या पुढे आपल्या मुली जाव्यात. नव्या काळाच्या या विद्येत मोडनिंबची एखादी लेक, मग ती वाड्यातली असो की वस्तीवरची, मागे वही धरून उभी न राहता पुढे बसलेली दिसावी, एवढीच माझी इच्छा आहे. त्या थोर माउलीच्या स्मृतीला माझा विनम्र नमस्कार, आणि आपल्या मंडळाला वर्धापनदिनाच्या शुभेच्छा.